मार्गदर्शिकेत न मावलेले घास

गेली सव्वीस वर्षं मी लोकांच्या ताटातलं तूप काढून घेण्याचा पगार घेते आहे. रत्नागिरीच्या एका दवाखान्यात मी आहारतज्ज्ञ आहे. मीठ कमी, तेल कमी, साखर बंद, एवढ्या भांडवलावर माझं बरं चाललंय. लग्नाच्या पंगतीत मी शेजारी येऊन बसले की माणसं जिलबीचा आग्रह स्वतःहून नाकारतात. नवऱ्यानं फरसाणाचा डबा शिलाई मशीनच्या खणात ठेवायला सुरुवात केली त्यालाही आता दहा वर्षं झाली. मला ते माहीत आहे, हे त्याला माहीत नाही. अशा बाईवर नागपूरला जाऊन 'तूप वाढवा, मीठ वाढवा, तळलेलं चालेल' असं सांगायची पाळी आली, त्या चार दिवसांची ही हकिकत.

झालं असं, की सिस्टिक फायब्रोसिस या आजाराच्या मुलांसाठी मराठीत आहाराची एक मार्गदर्शिका तयार होत होती. आजार जन्मापासूनचा. शरीरातले पातळ रस घट्ट आणि चिकट होतात. फुप्फुसात कफ साठतो आणि स्वादुपिंडाचा पाचकरस आतड्यापर्यंत पोचतच नाही. मूल पोटभर जेवतं, पण तूपतेल न पचता बाहेर पडतं आणि अंगाला काही लागत नाही. घामातून मीठ इतकं जातं की अशा बाळाचा पापा घेतला तर ओठांना खारट लागतं. म्हणून या मुलांनी इतरांपेक्षा जास्त खायचं, जास्त स्निग्ध आणि जास्त खारट. त्यातही तेलातुपाचं काही पोटात जाणार असेल तर आधी पाचकरसाची कॅप्सूल घ्यायची. तिचा अंमल फार तर तासाभराचा. ती नसेल तर वाटीभर तूप ओतलं तरी फुकट.

परदेशातल्या चारपाच मार्गदर्शिका समोर ठेवून आम्ही काही जणांनी ही मराठी पुस्तिका लिहिली. मग ती कितपत चांगली झाली हे तपासायला एक तक्ता आला. उद्देश स्पष्ट आहे का, पुरावा भक्कम आहे का, भाषा सोपी आहे का, घरात वापरता येईल का, अशी बरीच कलमं आणि प्रत्येकाला एक ते सात गुण. मला तक्ते भरायला मनापासून आवडतं. मी रत्नागिरीत पंख्याखाली बसून 'घरात वापरता येईल का' याला सहा गुण दिले. सातवा विनय म्हणून सोडला.

तो तक्ता पाठवायच्या आत नागपूरच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंचा फोन आला. त्यांच्याकडची सात वर्षांची एक मुलगी आमच्या कच्च्या पुस्तिकेप्रमाणे तंतोतंत खात होती, आणि तीन महिन्यांत तिचं वजन साडेसोळा किलोवरून हललं नव्हतं. महिन्याभरानं तपासणी होती. तेव्हाही काटा तिथंच राहिला तर पोटाला छोटं छिद्र पाडून नळी बसवावी लागणार होती, झोपेत त्यातून अन्न द्यायला. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, तुमच्या पुस्तिकेत काही राहिलंय का, हे एकदा येऊन बघता का. मी जरा रागातच तिकीट काढलं. पुस्तिकेत काही राहिलेलं नाही हे दाखवायला जायचं, असा माझा बेत होता.

शुक्रवार, धरमपेठ

नागपूरचे रस्ते बघून माझे कोकणी गुडघे खूश झाले. चढ नाही, उतार नाही, वळण घेतलं की समुद्र नाही. फेब्रुवारी संपत आला होता, तरी लोक दुपारच्या उन्हाबद्दल असं बोलत होते, की जणू एखादा तापट पाहुणा स्टेशनवर उतरलाय आणि रिक्षा शोधतोय.

डॉक्टरांचा दवाखाना धरमपेठेत. भेट ठरली ती मात्र रस्त्याच्या कडेला, पोह्यांच्या गाडीवर, कारण त्यांच्या मते उपाशीपोटी आहारावर बोलणं बरं दिसत नाही. आमच्याकडं पोह्यांवर ओलं खोबरं पडतं. इथं पोह्यांवर तर्री पडते, म्हणजे चण्याच्या रश्श्यावरचा लाल तवंग. गाडीवाल्यानं किती घालू विचारलं, मी थोडीशी म्हटलं, आणि त्यानं माझ्याकडं आजारी माणसाकडं बघावं तसं बघून डावभर घातली. तिसऱ्या चमच्याला मला उचक्या लागल्या. पुढची वीस मिनिटं एका गंभीर आजाराची चर्चा दर वाक्यागणिक एका उचकीनं झाली. डॉक्टर सज्जन, त्या हसल्या नाहीत. गाडीवाला हसला.

त्यांनी त्या घराची माहिती दिली. मुलीचं नाव परी. आई वैशाली, वडील नितेश, आणि आजोबा, ज्यांना सगळे आबाजी म्हणतात. घर विणकरांचं. आबाजींनी चाळीस वर्षं हातमागावर लुगडी विणली. नितेश हिंगण्याच्या कारखान्यात जातो. परीच्या खाण्याची वैशाली ठेवते तशी नोंदवही आपण कुठं पाहिली नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. मी उचकीनंच होकार दिला.

शनिवार, बेसा

बेसा हे नागपूरच्या दक्षिण टोकाला नुकतं उगवलेलं आहे. शेतांचे ले-आउट झाले, ले-आउटांची घरं झाली, आणि प्रत्येक ले-आउटच्या कोपऱ्यावर एक हनुमानाचं देऊळ बसलं. मला पत्ता मिळाला होता 'हनुमान मंदिराजवळ'. मी तीन हनुमानांचं दर्शन घेतलं. चौथ्यापाशी डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेले एक उंच गृहस्थ उभे होते. ते आबाजी. सगळे पाहुणे आधी दुसऱ्या देवळांकडं जातात, म्हणून आपण ठरल्या वेळेनंतर अर्ध्या तासानंच घराबाहेर पडतो, असं त्यांनी सांगितलं.

परी दारातच होती. बारीक, चपळ, आणि माझ्या पिशवीत काय आहे यात माझ्यापेक्षा जास्त रस असलेली. पिशवीतून माझा स्वयंपाकाचा वजनकाटा निघाला आणि पुढचा तास त्याचाच झाला. तिनं खोडरबर मोजलं, स्वतःची वेणी मोजली, लाटणं मोजलं. शेवटी एका वाटीतून आबाजींची कवळी आणून ठेवली. आबाजी तोंडावर हात धरून आतल्या खोलीत गेले ते वजन कळल्यावरच बाहेर आले.

वैशालीची वही खरंच बघण्यासारखी होती. खाणं निळ्यानं, तूपतेल लाल शाईनं, कॅप्सूल हिरव्यानं. मी तीन महिन्यांची बेरीज तपासली. उष्मांक बरोबर, मीठ बरोबर, कॅप्सूल प्रत्येक जेवणाआधी आणि दुधाआधी. कॅप्सूलच्या डबीवरची तारीख पाहिली, ती फ्रिजमध्ये असते का पाहिलं, परी ती चावते का विचारलं. चावत नव्हती. सगळं पुस्तिकेबरहुकूम. माणसानं आपलं ऐकलं नाही तर राग येतो हे मला माहीत होतं. तंतोतंत ऐकल्यावरही येतो, हे त्या दिवशी कळलं. शौचाला अजून तेलकटच होतं का, असं मी हळूच विचारलं. वैशालीनं होकाराची मान हलवली, आणि तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. ती म्हणाली, नळीचं नाव काढलं की मले झोप येत नाही.

साडेबाराला परीचं ताट वाढलं. वडाभात होता. भातावर डाळीचे वडे कुस्करायचे आणि वरून हिंगमोहरीची चरचरीत फोडणी ओतायची. मी ताट काट्यावर ठेवायला लावलं. वैशालीनं फोडणी ओतली ती कोकणातल्या एका कुटुंबाला आठवडाभर पुरेल अशी. ताटातून ती काट्यात गेली, काट्यानं आठ आठ आठ असे आकडे दाखवले आणि डोळे मिटले. सव्वीस वर्षांच्या नोकरीतला माझा सगळ्यात भरवशाचा सहकारी वडाभाताखाली गेला. परीनं कॅप्सूल गिळली, ताट साफ केलं, आणि मी पेन्सिलीनं हिशोब केला. उत्तम जेवण. पुस्तिकेतलं चित्र वाटावं असं.

तिथंच उठले असते तर मला काहीच कळलं नसतं. पण उन्हाचं जाऊ नका म्हणून त्यांनी मला कूलरसमोर खुर्ची दिली, आणि मी बसले.

दोन वाजता आबाजी टीव्हीसमोर जेवायला बसले. परी खेळता खेळता आली, तोंड उघडलं, आबाजींचा हात टीव्हीवरची नजर न काढता तिच्या तोंडाशी गेला. ती गेली, पुन्हा आली, पुन्हा हात गेला. अडीचला वैशाली ओट्यापाशी आपलं ताट घेऊन बसली. परी तिथं. वरच्या मजल्यावरच्या काकू सांबारवडी घेऊन आल्या, म्हणजे आपली कोथिंबिरीची वडी, फक्त तळलेली आणि आत भरपूर मसाला. त्यांच्याही हातून एक वडी परीच्या तोंडात. साडेचारला कंपनीची बस आली, नितेश हातपाय धुऊन बसला, पोळीभाजीचा पहिला घास लेकीला, मग स्वतःला, मग परत लेकीला. सगळं तेलातलं, तुपातलं, आणि कॅप्सूल साडेबाराची.

आमच्या घरी हे चाललंच नसतं. आमच्याकडं ज्याचं त्याचं पान, आणि दुसऱ्याच्या पानात बोट घातलं तर वडील नुसते बघायचे. ते बघणं पुरायचं. इथं लेकराला भरवल्याशिवाय कुणाला घास गिळताच येत नव्हता. मी दोनपासून तक्त्याच्या पाठीवर दर घासाला एक रेघ मारत होते. नितेशचं खाणं होईपर्यंत एकेचाळीस झाल्या. वहीत त्यातला एकही घास नव्हता.

मी वैशालीला विचारलं, हे का लिहीत नाही. तिला प्रश्नच समजेना.

"ते कुठं खाणं आहे मॅडम? ते तं घास आहे," ती म्हणाली. "अन् लेकराचे घास मोजत नाही आमच्या इकडे. मोजले का अंगाले लागत नाही."

तेव्हा आबाजी चहात टोस्ट बुडवत होते. त्यांनी माझ्या कागदाकडं पाहून विचारलं, काय लिहून राहिल्या. माझ्या मनात तर शोध लागल्याचा आनंद मावत नव्हता. मी म्हटलं, परीचे घास मोजले, एकेचाळीस झाले, आणि हेच कारण आहे. त्यांनी चहात बुडवलेला टोस्ट परीच्या तोंडाजवळ नेला होता, तो तसाच बशीत परत ठेवला. उठून अंगणात गेले. परी तोंड उघडून तिथंच उभी राहिली. नितेश मला स्टॉपवर सोडायला आला. खोलीवर गेल्यावर मला माझीच लाज वाटली.

रविवार, पुन्हा बेसा

सकाळी वैशालीचा फोन. रात्री परीनं तोंडाला कुलूप लावलं होतं आणि आबाजी जेवले नव्हते. रविवारी आबाजी स्वतः मसाला वाटून सावजी मटण करतात. त्यांच्या समाजाची ती खासियत, आणि त्या दिवशी ते ओट्यापाशी कुणाला फिरकू देत नाहीत. आज त्यांनी मटण आणायलाच नको म्हणून सांगितलं होतं. एका दिवसात मी त्या घरातलं जेवण बंद पाडलं होतं. वजन वाढवायला आलेल्या बाईनं याहून वाईट काय करायचं राहिलं, हे मला सांगता येईना.

नितेश मोटारसायकलवरून न्यायला आला. मी पदर खोचून त्याच्या मागं बसले आणि मनात एक भाषण तयार केलं. त्यात पाचकरस होता, आतडं होतं, एक आकृतीसुद्धा होती.

आबाजी अंगणात पाटावर बसून लसूण सोलत होते. मटण नव्हतं, पण हाताला सवय. मी समोरच्या पायरीवर बसले. भाषण सुरू करायच्या आत तेच बोलले.

"सहा महिन्याची होती तवा तिच्या पोटात कायीच ठरत नव्हतं. दवाखाना झाला, सगळं झालं. मंग एक दिवस या बोटानं मी तिले वरनाचं पानी चाटवलं. पयल्यांदा हासली ते. तवापासून मी तिले देल्ल्याशिवाय जेवलो नाई बाई. अन् तुम्ही म्हनता का मायाच हातानं तिचं नुकसान झालं."

मला भाषणातलं काहीच आठवेना.

"आबाजी, घास चुकला नाही. चुकली आमची पुस्तिका," मी म्हटलं. "तुमच्या हातचा घास तिच्या पोटात गेला, पण तेव्हा कॅप्सूल त्याच्याबरोबर नव्हती. ती दीड तास आधी घेतलेली, तिचं काम तोवर संपलं होतं. हे आम्ही विचारायला हवं होतं, आम्ही विचारलंच नाही."

त्यांनी हातातली पाकळी सोलून बाजूला ठेवली. मग विचारलं, तर काय, द्यायचाच नाही? मी सांगितलं, की दर घासाला कॅप्सूल देता येत नाही, दिवसाला तिची मर्यादा असते आणि ती डॉक्टरच ठरवतात. घास हवेत, पण कॅप्सूलच्या तासाभरात हवेत. यापुढं कसं करायचं हे माझ्या कुठल्याही कलमात नव्हतं, आणि मी तसं कबूल केलं. माझ्या तोंडून 'मला माहीत नाही' हे शब्द निघाले तर पेढे वाटीन, असं माझा नवरा म्हणतो.

मार्ग काढला आबाजींनी. त्यांनी मला जुन्या घरातल्या मागाची गोष्ट सांगितली. घरात दोन माग, सगळ्या घराचे हात त्यात. कुणी कांड्या भरायचं, कुणी सुताला खळ लावायचं. खळीच्या हातानं जेवता यायचं नाही आणि एकानं उठून भागायचं नाही, म्हणून माग थांबला की सगळे एकदम हात धुवायचे आणि एकदम बसायचे. माग विकला गेला आणि प्रत्येकाची भूक सुटी झाली. नितेशची बसच्या वेळेला, वैशालीची भांडी आवरल्यावर.

"अन् मले दोन वाजता जेवाले कोन सांगते? टीव्ही सांगते," ते म्हणाले. "त्याचं काय एवढं. मी साडेबाराले बसतो तिच्या संग."

मग त्यांनी घरात बघून सुनेला हाक मारली. "तू पन बस वं आमच्या संग. मागून काहून जेवतं?"

वैशाली दारात उभी होती. ती पदरानं हात पुसत राहिली. हात कोरडेच होते. माझी आईसुद्धा जन्मभर सगळ्यांच्या मागून जेवली आणि आम्हांला ते कधी दिसलं नाही. आमच्याकडं ताटं वेगळी असतात एवढ्यावर मी काल केवढी ऐट मिरवली होती. राहिला नितेश. त्याची साडेचारची भूक खरी होती. वैशालीनं लगेच सांगितलं, की परीचं दूध पाचला असतं आणि त्याआधी छोटी कॅप्सूल असतेच, तर दूध साडेचारला करू. वरच्या काकूंना निरोप गेला, की वडी आणायची ती जेवणाच्या आधी. काकू लगेच खाली आल्या आणि जेवणाआधी म्हणजे आजच का, असं विचारून गेल्या.

मटण आणायला नितेश धावतच गेला. आबाजींनी लसूण, खोबरं, खसखस आणि मी नाव विचारायचं सोडून दिलेले बरेच काळे मसाले पाट्यावर वाटले. मी दुरून बघत होते. तेलाची बाटली पातेल्यावर उलटी झाली तेव्हा माझा हात आपोआप पुढं झाला, आणि मी तो मागं घेतला.

स्वयंपाकाला उशीर झाला म्हणून त्या दिवशी साडेबाराचे दीड वाजले. पाचही ताटं जमिनीवर एका रांगेत. परीनं कॅप्सूल गिळली आणि जीभ बाहेर काढून ती गेल्याचं सगळ्यांना दाखवलं. आबाजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला, फुंकर घातली आणि तिच्यापुढं धरला. ती क्षणभर माझ्याकडं बघत राहिली. मी दोन्ही हात वर करून दाखवले, पेन्सिल नाही. तिनं घास घेतला. वैशाली पहिल्या पंगतीत अवघडून बसली होती आणि दर दोन मिनिटांनी वाढायला उठत होती, आबाजी तिला दर वेळी बसवत होते. माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यातलं काही मिरचीचं होतं. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि वर तूप घेतलं. हे लिहितेय ते नवरा वाचणार नाही या भरवशावर.

सोमवार, धरमपेठ

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग एकच प्रश्न विचारला, की हे तुम्हांला कोणत्या तपासणीत सापडलं. मी म्हटलं, दुपारी कूलरसमोर बसल्यावर. त्यांनी मोठ्या जेवणाच्या आणि साडेचारच्या कॅप्सूल नव्यानं ठरवून दिल्या, उन्हाळ्यासाठी मिठाचं वेगळं लिहून दिलं, आणि तपासणीची तारीख तीच ठेवली. नळी अजून कागदावर होती. त्या म्हणाल्या, महिन्यात काय होतं ते काटाच सांगेल, तोवर मी कुणाला आशा लावत नाही. मला त्यांचं ते बोलणं पटलं, पण आवडलं नाही.

गाडीला वेळ होता. मी संत्रा बर्फी घेतली, एक डबा घरासाठी आणि एक आमच्या पुस्तिकेच्या समितीसाठी. मग स्टेशनवरच्या बाकावर तक्ता काढून 'घरात वापरता येईल का' पुढचा सहा खोडला आणि दोन केला. त्या कागदाच्या पाठीवर एकेचाळीस रेघा होत्या.

रत्नागिरी

समितीची बैठक फोनवर झाली. पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर मी एक प्रश्न घालायला सुचवलं: तुमचं मूल घरात कोणाकोणाच्या ताटातून खातं, आणि किती वाजता? त्याखाली सूचना, की हे घास बंद करायला सांगू नये, घरच्यांबरोबर बसून त्यांची वेळ ठरवावी. आमच्यातल्या एका ज्येष्ठ तज्ज्ञांनी हरकत घेतली, की घास या मापाला शास्त्रीय आधार काय, तो किती ग्रॅमचा धरायचा. मी म्हटलं, आबाजींचा मोठा असतो, वैशालीचा लहान. मग दुसऱ्या एका बाई म्हणाल्या, की त्यांच्या नातवालाही दिवसभर कुणी ना कुणी भरवत असतं आणि त्यांनी हे कधी धरलंच नव्हतं. प्रश्न पानावर राहिला. बर्फी टपालानं सगळ्यांना पोचली. फक्त त्या ज्येष्ठ तज्ज्ञांना साखर असल्यामुळं त्यांना मी पाठवली नाही.

तो महिना मी वाईट काढला. दवाखान्यात लोकांना मीठ कमी करा सांगताना मधेच बेसा आठवायचं. वैशाली अधूनमधून फोन करायची, पण आम्ही दोघी तपासणीबद्दल काही बोलायचो नाही. ती सांगायची, की आबाजी आता सव्वाबारालाच हात धुऊन बसतात आणि सगळ्यांना हाका मारतात. त्यांची दोनची मालिका आता जेवणानंतरच्या डुलकीत अर्धीच होते, त्यात कोण मेलं हे ते वरच्या काकूंना विचारून घेतात.

तपासणीच्या दिवशी मी सकाळपासून फोन पदराला बांधल्यासारखा घेऊन फिरत होते. तो बारा वाजता वाजला. वैशाली दवाखान्यातूनच बोलत होती. डॉक्टरांनी नळीचा कागद सध्या बाजूला ठेवला, ती म्हणाली, तीन महिन्यांनी पुन्हा पाहू म्हणाल्या. मी विचारलं, वजन किती?

ती सांगायला बिचकली. मोजलं की अंगाला लागत नाही, हे तिचं बोलणं मला आठवलं, आणि मी म्हणणारच होते की राहू दे, नको सांगूस. तेवढ्यात तिच्या मागून आबाजी बोलले.

"सांग वं त्याहिले. त्याहिनं मोजलं म्हनून तं समजलं."

"सतरा किलो दोनशे," वैशाली म्हणाली, अगदी हळू.

माझा विश्वास बसेना. मी पुन्हा विचारलं. या वेळी आबाजींनी फोन हातात घेतला आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तो आकडा सांगितला.